कुठे पाणी मुरतंय

खड्डा आठ इंच रुंद,
हात कोपरापर्यंत जाईल इतका खोल.
त्यात बादली रिकामी करायची आणि बसून राहायचं.
दर अर्ध्या तासाने पट्टी घालून बघायचं
किती उतरलं.
कुठे पाणी मुरतंय ते शोधणं हाच माझा धंदा,
बावीस वर्षं, पेनसिल्व्हेनियातल्या या एका काउंटीत.

मार्चमध्ये हेच केलं होतं मी इथे.
मक्याची खुंटं उभी होती अजून.
ओकच्या कडेला तर पाणी असं गेलं
की दुसरी बादली आणायला गाडीपर्यंत जावं लागलं.
ऑगस्टमध्ये तीच जागा: सदतीस घरांचा आराखडा,
तीन बुलडोझर, आणि तुडवून तुडवून
परातीसारखी वाजणारी माती.
नऊ वाजता भरलेलं पाणी
जेवणाच्या सुट्टीत तसंच होतं.
त्यात एक ढग होता, आणि एक मुंगी
काठ शोधत होती.
पालथा घडा म्हणतात तो हा.

ब्रेंट ऑकर, बिल्डरचा इंजिनिअर, माणूस वाईट नाही.
म्हणाला, तळं दिलंय की आम्ही.
पाऊस त्यात धरू, पाइपातून हळूहळू सोडू,
आधी यायचा त्याहून मोठा लोंढा
ओढ्यात येणारच नाही.
आलेख दाखवला. सुळका छाटून
त्याने टेकाड केलं होतं, बुटकं, लांबच लांब.
मी म्हटलं, सुळका छाटलास,
पण डोंगर तेवढाच आहे, फक्त आडवा झालाय.
हप्ते पाडले म्हणून
रक्कम कमी होत नाही, ब्रेंट.
त्याने चष्मा पुसला. नियमात बसतंय, म्हणाला.
बसत होतं.

टाउनशिपच्या बैठकीला अकरा माणसं होती,
त्यातली तीन कुत्र्याच्या परवान्यासाठी आलेली.
ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या वर्ना डीफेनडर्फर
कुंपणाचा खांब घेऊन आल्या,
टेबलावर आडवा ठेवला, चिखलासकट.

"माझ्या नवऱ्याने एक्क्याऐंशी साली हा रोवला,
काठापासून वीस पावलांवर.
वर मॉल झाला, तेव्हा बारा राहिली.
शाळेचं पार्किंग झालं, तेव्हा पाच.
परवा हा तारेला लोंबत होता, खाली जमीन नव्हती.
पूर? एकदाही नाही.
पूर आला असता तर कुणीतरी बघायला तरी आलं असतं.
पूर्वी ओढा एका दुपारी भरायचा आणि उतरायचा.
आता चार चार दिवस काठोकाठ असतो,
आणि चाटत बसतो."

कुणी काही बोललं नाही.
मग अध्यक्षांनी चिटणीस बाईंना विचारलं,
खांबाची नोंद कशी करायची?

सगळं काही मिळालं नाही.
रस्ता चार फुटांनी अरुंद झाला.
ओकची कड राहिली, त्यापायी दोन घरं गेली.
दाबलेली माती दोन फूट खोल नांगरून
तिच्यात कंपोस्ट कालवायचं ठरलं,
आणि प्रत्येक छपराची पन्हळ
नळीत न जाता अंगणातल्या खोलगट वाफ्यात.
उतारावरच्या नऊ घरांना खडक लागला,
तिथलं पाणी अजून तळ्यातच जातं,
तिथून वर्नाबाईंकडे.

नोव्हेंबरात एकोणीस नंबरच्या घरातून फोन आला.
लामाँट पर्नेल, नवे मालक. रागावलेले.
अंगणात पाणी साचतं, मुलगी बूट भरवून येते,
एक ट्रकभर माती टाकून खड्डा बुजवू का?
मी गेले. पाऊस नुकताच थांबला होता.
वाफ्यात घोट्याएवढं पाणी, वर ओकची पानं.
मी पट्टी रोवली, खडूने खूण केली,
म्हटलं, अर्धा तास थांबा.
ते छत्री मिटायचं विसरून उभे राहिले.
पन्हळ ठिबकत होती.
शेजारी कुणीतरी गॅरेजचं दार उघडलं, बंद केलं.

माझ्या ट्रकमध्ये मागे तो खांब अजून आहे.
कुणी परत न्यायला आलं नाही,
मलाही टाकवला नाही.

सातव्या मिनिटाला पर्नेल खाली वाकले
आणि स्वतःच विचारलं,
किती उतरलं?